ड्रॅगनला ऊन कुठून आणायचं?

"मामा, पिंट्याचा जबडा मऊ लागतोय," असा भाच्याचा फोन आला, तेव्हा पिंट्या कोण हेच मला आधी आठवेना. पिंट्या म्हणजे त्याने पुण्याच्या फ्लॅटवर पाळलेला बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या रखरखीत माळांवरचा, चिडला की हनुवटीखालची काटेरी दाढी काळी करून फुगवणारा. आपल्या कुंपणावरचा सरडा आणि हा, दोघं एकाच कुळातले. ऑस्ट्रेलिया आपले वन्यजीव व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे जगभर घरोघरी दिसणारे हे ड्रॅगन पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात जन्मलेले आहेत. माळ सुटला, पण उन्हाची गरज काही सुटली नाही.

"आधी प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने," असं सांगितलं आणि संध्याकाळी मीही जाऊन पाहिलं. काचेची टाकी पूर्वेच्या खिडकीशी ठेवलेली, 'सकाळचं कोवळं ऊन मिळावं म्हणून'. वर दुकानदाराने दिलेला निळसर बल्ब, खोक्यावर 'फुल स्पेक्ट्रम' (म्हणजे उन्हातले सगळे किरण) अशी मोठी अक्षरं. आणि खायच्या किड्यांना कॅल्शियमची पावडर चोळलेली. पोराने सगळं मनापासून केलं होतं. तरी डॉक्टरांनी निदान केलं ते हाडांच्या आजाराचं. माणसाच्या पोराला झालं असतं तर आजी म्हणाली असती, मुडदूस.

मुडदुसाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या क्वार्ट्झ दिव्यासमोर बसवलं आणि मुलं बरी झाली. गंमत पुढे आहे. प्रकाश एकाच हातावर टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन ते रक्तातून अंगभर फिरत होतं. ते म्हणजे ड3 जीवनसत्त्व. आज सरड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ट्यूबा त्याच दिव्याची नातवंडं-पतवंडं आहेत.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक जवळचा नातलग असतो, 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. चार कडी एकमेकांना चिकटलेली, असा त्याचा सांगाडा. त्यातल्या दुसऱ्या कड्यावर साधारण 295 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाशकण आदळला की नवव्या आणि दहाव्या कार्बनमधला बंध तुटतो आणि कडं उघडतं. हा यूव्हीबीचा, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांतला एक पट्टा, ढोबळमानाने 280 ते 315 नॅनोमीटरचा. त्यातल्या एका कणाकडे सुमारे 4.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, तांबड्या प्रकाशाच्या कणाकडे जेमतेम 1.9. तांबड्या बल्बखाली सरडा वर्षभर बसवा, शेकला जाईल, पण ते कडं उघडणार नाही. टाळ्याला एक किल्ली लागते, हातोडे कितीही असोत.

कडं उघडून जे बनतं ते अजून जीवनसत्त्व नव्हे, पूर्व-जीवनसत्त्व. त्याचं ड3 व्हायला प्रकाश लागत नाही, ऊब लागते. रेणूतला एक हायड्रोजन एका टोकाकडून दुसरीकडे उडी मारतो, आणि त्यासाठी रेणू विशिष्ट पद्धतीने मुडपलेला असावा लागतो. मोकळ्या द्रावणात तो पाय पसरून ऐसपैस बसतो आणि उडी लांबते. पेशीच्या पडद्यातल्या मेदाच्या रेणूंमध्ये मात्र तो दाटीवाटीने मुडपलेलाच राहतो. 1995 मध्ये मायकेल होलिक हे संशोधक आणि सहकाऱ्यांनी हे इग्वाना या मोठ्या सरड्याच्या त्वचेत मोजलं. 25 अंश सेल्सिअसला निम्मं रूपांतर व्हायला त्वचेत 8 तास लागले, हेक्झेन नावाच्या द्रावकात 72 तास. थंड रक्ताच्या प्राण्याला हा पडदा किती मोठा आधार आहे पाहा. (इथवर दमला असाल तर एवढंच लक्षात ठेवा: आधी यूव्हीबी, मग ऊब, आणि दोन्ही एकाच अंगावर.)

यातच एक ब्रेकही बसवलेला आहे. ऊन जास्त झालं तर पूर्व-जीवनसत्त्वावर पुन्हा प्रकाश पडून त्याचे ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल हे निरुपद्रवी पदार्थ होतात. तयार झालेलं ड3 सुद्धा उन्हात मोडतं. म्हणून उन्हाने ड3 चा अतिरेक होत नाही, पावडरीने होऊ शकतो. मात्र या ब्रेकसाठी यूव्हीबीच्या जरा पलीकडच्या, लांब तरंगलांबीच्या किरणांचीही मदत लागते. सूर्य ती फुकट देतो. एकाच अरुंद पट्ट्यात चमकणाऱ्या यूव्हीबी एलईडींबद्दल माझं मन अजून साशंक आहे ते यामुळेच.

आता पिंट्याची टाकी. माझ्याकडे अतिनील निर्देशांक मोजायचं, हातात मावणारं यंत्र आहे. एप्रिलमध्ये वर्तमानपत्रं 'आज यूव्ही इंडेक्स 11' असं छापतात, तोच हा निर्देशांक. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गच्चीवर यंत्र धरलं तर आकडा एकाच्याही खाली. खिडकीच्या काचेमागे धरलं, 0. भर दुपारी बाराला गच्चीवर 11, आणि त्याच वेळी काचेमागे पुन्हा 0. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. आणि सूर्य खाली असताना किरणांना ओझोनच्या थरातून तिरका, लांबचा प्रवास करावा लागतो, म्हणून कोवळ्या उन्हात यूव्हीबी उरतच नाही म्हणा ना. तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात धरायची आपली रीत मायेची आहे, ड3 चा हिशेब मात्र तिच्यात बसत नाही. कुंपणावरच्या सरड्याला हे कळतं. नऊ-दहाच्या उन्हात तो पाठ पसरून बसतो आणि दुपारी झुडपात जातो.

दुकानातला तो निळा बल्ब यंत्राखाली धरला. 0. 'फुल स्पेक्ट्रम' या शब्दांना कोणी विचारणारा नाही, म्हणून ते कशावरही छापतात. पल्लीपतनाचं फळ छापणारं पंचांग आणि हे खोकं यांत मला फारसा फरक दिसत नाही. पंचांग निदान स्वस्त असतं.

मग घ्यायचं काय? बिअर्डेड ड्रॅगनसाठी मी डोळे मिटून यूव्हीबी देणारी लांब टी5 (म्हणजे बारीक फ्लोरोसंट) ट्यूब सांगतो, हाय आउटपुट प्रकारची, 10 किंवा 12 टक्के लिहिलेली, मागे परावर्तक असलेली. ते टक्के म्हणजे ताकद नव्हे, दिव्याच्या प्रकाशातला यूव्हीबीचा वाटा. खरी गोष्ट ठरते अंतरावर. 2010 च्या सुमारास गॅरी फर्ग्युसन या संशोधकाच्या गटाने रानातले सरपटणारे प्राणी प्रत्यक्ष किती निर्देशांकात वावरतात ते मोजून चार गट पाडले. आपला ड्रॅगन उघड्यावर ऊन खाणाऱ्यांच्या तिसऱ्या गटात धरतात. त्या गटाची दिवसाची सरासरी 1 ते 2.6, आणि सर्वांत उन्हातल्या जागी 2.9 ते 7.4. म्हणून शेकायच्या दगडावर, सरड्याच्या पाठीच्या उंचीला, 3 ते 5 आकडा आला की काम झालं. जाळी नसेल तर अशी ट्यूब पाठीपासून साधारण 30 ते 45 सेंटिमीटरवर येते. मधे बारीक जाळी असेल तर ती तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत किरण खाते, मग ट्यूब खाली आणावी लागते.

वेटोळ्याचे छोटे सीएफएल बल्ब मी सांगत नाही. प्रकाश एका बिंदूभोवती गोळा होतो आणि हातभर दूर गेलं की विरतो. शिवाय या शतकाच्या पहिल्या दशकात काही यूव्हीबी दिवे 290 नॅनोमीटरच्याही खालचे, सूर्यप्रकाशात नसलेले किरण सोडत होते. त्यांनी पाळीव सरड्यांचे डोळे सुजले होते. पाऱ्याच्या वाफेचे बल्ब यूव्हीबी आणि उष्णता दोन्ही देतात, पण थर्मोस्टॅटवर चालत नाहीत आणि पुण्याच्या मे महिन्यात छोट्या टाकीची भट्टी करतात.

गोळीने भागणार नाही का, हा भाच्याचा प्रश्न. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2010 मध्ये बिअर्डेड ड्रॅगनच्याच पिल्लांवर हे करून पाहिलं. तोंडाने ड3 घेणाऱ्या पिल्लांच्या रक्तातली पातळी दिव्याखालच्या पिल्लांच्या पासंगालाही पुरली नाही. आणि ड3 शिवाय आतड्याला कॅल्शियम नीट उचलता येत नाही, म्हणजे पिंट्याची पावडर बहुतेक तशीच बाहेर पडत होती. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग हाडांतून उसनवारी करतं. जबडा मऊ होतो तो असा.

आम्ही ट्यूब टाकीच्या निम्म्या लांबीवर, छतालाच लावली. बाजूला लावली तर थेट डोळ्यांत जाते, आणि भुवईचा कंगोरा वरून येणाऱ्या उन्हासाठीच आहे. शेकायचा दिवा तिच्याच शेजारी, दोन्हींचा झोत एकाच दगडावर. दगड 40 अंशांपर्यंत तापतो. दुसऱ्या टोकाला सावली आणि आकडा 0, म्हणजे किती ऊन खायचं ते पिंट्याने ठरवावं. हे त्याला जमेल असं मानायला आधार आहे. अंगात ड3 कमी असलेले पँथर कॅमेलिऑन जातीचे सरडे यूव्हीबीत जास्त बसतात, असं प्रयोगांत दिसलेलं आहे.

ट्यूबच्या टोकाला भाच्याने मार्करने तारीख घातली. यूव्हीबी देणारं अस्तर झिजत जातं, डोळ्याला मात्र ट्यूब तेवढीच लख्ख दिसते, म्हणून वर्षभराने ती बदलायची. डॉक्टरांचं कॅल्शियमचं औषध चालू आहे. चार महिन्यांनी जबडा दाबून पाहिला, टणक लागला. शेपटीला पडलेला बाक तेवढा राहिला, तो जाणार नाही.