वरचं दूध, उलट्या आणि ॲलर्जीचा संशय : पार्श्वभूमी

पुण्यातलं वाकड, बाणेर, खराडी, सिंहगड रस्ता. यांपैकी कुठल्याही भागातल्या बालरोगतज्ज्ञांच्या वेटिंगमध्ये अर्धा तास बसलं तरी हे बोलणं कानावर पडतं. बाळ दोन-अडीच महिन्यांचं, वरच्या दुधावर. पाजलं की गुळणी, कधी सगळंच दूध बाहेर. पाठ ताणून रडणं, रात्री झोप नाही. एका डॉक्टरांनी रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं दूध अन्ननलिकेत वर येणं, सांगितलेला असतो, दुसऱ्यांनी दुधाची ॲलर्जी. पिशवीत अर्धवट वापरलेले दोन-तीन डबे आणि थेंबांची एक बाटली. हा गोंधळ एका घराचा नाही. दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींना कशा जोडल्या गेल्या आणि त्यांना वेगळं करणारी एकमेव पायरी, म्हणजे बंद केलेलं दूध पुन्हा देऊन पाहणं, व्यवहारातून कशी गळली, त्याचं हे टिपण आहे.

फार मागे जाण्याची गरज नाही. डबा घरोघरी येण्याआधी पेठांमधल्या घरांत वरचं दूध म्हणजे गवळ्याच्या रतिबाचं दूध, त्यात पाणी, चिमूटभर साखर, आणि पाजायला बोंडलं किंवा वाटी-चमचा. पोट दुखलं की वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळून गुटी. 1950च्या दशकात आपल्याकडे म्हशीच्या दुधाची पावडर बनवण्याचं तंत्र जमलं आणि पुढे त्याच दुधापासून बाळांचा देशी डबा तयार झाला. त्या पिढीच्या मनात ‘डबा मिळाला’ हीच मोठी गोष्ट होती. तो बाळाला सोसतो की नाही हा प्रश्न फारसा कुणी विचारत नसे. दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांसाठी दुधातली प्रथिनं आधीच तोडून बनवलेली पावडर मात्र अमेरिकेत 1942 पासून विकली जात होती. म्हणजे आजार आणि त्यावरचं दूध, दोन्ही वैद्यकाला आपल्या डब्याच्या आधीपासून माहीत होते.

दूध उलटण्याच्या बाजूची गोष्ट जास्त खेदाची आहे, कारण तिथे तीस-चाळीस वर्षं औषधांवर औषधं येत राहिली. आधी बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला होता. पालथं झोपणं आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू यांचा संबंध स्पष्ट झाल्यावर 1992 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी तो फिरवला आणि उताणं किंवा कुशीवर झोपवा असं सांगितलं. मग पोट लवकर रिकामं करणारं सिसाप्राइड हे औषध आलं. 1990च्या दशकात ते जगभर बाळांना दिलं गेलं. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडत असल्याचं दिसल्यावर 2000 मध्ये अमेरिकेत ते सर्रास विक्रीतून गेलं. भारतात बंदी यायला 2011 उजाडलं. ही अकरा वर्षं मला विसरता येत नाहीत. पुढे आम्ल कमी करणारी औषधं आली. 2009 मध्ये 162 बाळांवर केलेल्या एका चाचणीत निम्म्यांना असं औषध आणि निम्म्यांना नुसतं दिसायला सारखं द्रावण दिलं. पाजण्याच्या वेळचं रडणं निदान निम्म्याने कमी झालेली बाळं दोन्ही गटांत 54 टक्केच निघाली, आणि औषधाच्या गटात श्वसनमार्गाच्या संसर्गासारखे गंभीर त्रास जास्त दिसले. 2020 मध्ये रॅनिटिडिन हे आम्ल कमी करणारं औषधही अमेरिकेच्या बाजारातून हटवलं गेलं, त्यातल्या एका घातक घटकामुळे.

दरम्यान, निम्मा इलाज नुसत्या मापात असतो, हे मागे पडलं. सहा किलोच्या बाळाला दिवसाला साधारण 900 मिली दूध पुरतं. तेच सहाऐवजी चार वेळांत पाजलं, किंवा बाळसं धरावं म्हणून 30 मिली पाण्याला सपाट चमच्याऐवजी शीग भरलेला चमचा टाकला, तर दूध वर येणारच. दूध उलटणं चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि वर्ष-सव्वा वर्षात दहातल्या नऊहून अधिक बाळांचं आपोआप थांबतं. वजन नीट वाढत असेल आणि बाळ मधल्या वेळात हसत-खेळत असेल, तर तो आजार नव्हेच.

दोन्ही गोष्टींची गाठ पडली ती 1990च्या दशकात. 1996 मध्ये इटलीतून एक अभ्यास आला. रिफ्लक्सची तक्रार असलेल्या, वर्षाच्या आतल्या 204 बाळांपैकी 85 जणांना, म्हणजे सुमारे 42 टक्क्यांना, गाईच्या दुधाची ॲलर्जीही आढळली. ही बाळं मोठ्या रुग्णालयात पाठवलेली, त्रास जास्त असलेली होती. पण आकडा लक्षात राहिला, बाळं कुठली होती ते विसरलं गेलं. गुळणी टाकणाऱ्या प्रत्येक बाळाच्या बाबतीत ‘जवळजवळ निम्म्यांना ॲलर्जी’ असं बोललं जाऊ लागलं. आम्लाच्या औषधांचा अनुभव वाईट ठरल्यावर डॉक्टरांनाही दुसरी वाट हवीच होती. 2018 मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांनी मिळून दिलेल्या सूचनांत क्रम असा आहे: आधी पाजण्याची पद्धत सुधारा, दूध थोडं दाट करून पाहा, तरी त्रास राहिला तर दोन ते चार आठवडे तोडलेल्या प्रथिनांची पावडर द्या, आम्लाचं औषध त्यानंतर. क्रम शहाणपणाचा आहे. प्रश्न त्या चार आठवड्यांनंतरचा आहे.

खरा वाद इथे आहे. दूध बंद केलं, बाळ शांत झालं, म्हणजे ॲलर्जी होती का? की ते चार आठवड्यांनी मोठं झालं, म्हणून शांत झालं? या वयात चार आठवड्यांत बाळ पुष्कळ बदलतं. उत्तर मिळवायचा रस्ता एकच, तेच दूध पुन्हा देऊन पाहणं. वैद्यकाने हे फार आधी ओळखलं होतं. 1963 मध्ये अमेरिकेत ठरलेले निकष कडक होते: दूध बंद केल्यावर त्रास जावा, पुन्हा दिल्यावर 48 तासांत परतावा, आणि असं तीनदा घडावं. तान्ह्या बाळाला तीनदा त्रास देणं क्रूरच, म्हणून तो निकष सैल झाला, आणि व्हायलाच हवा होता. 1970च्या दशकात डॉक्टर आणि आईवडील दोघांनाही कळू न देता दूध देऊन पाहण्याची पद्धत आली. ती आजही सर्वांत भरवशाची आहे, पण तिला रुग्णालय लागतं, दिवस लागतो, पैसा लागतो. सैल होत होत तीनदाचं एकदा झालं, रुग्णालयातलं घरी आलं, आणि शेवटी बहुतेक घरांत शून्यावर आलं.

शून्यावर येण्याचं कारण समजायला कुणालाही दोष द्यावा लागत नाही. पाच-सहा आठवडे रात्रभर जागलेली आई, कामावर रुजू व्हायची तारीख जवळ आलेली, आणि पहिल्यांदाच बाळ सलग चार तास झोपलेलं. अशा वेळी डॉक्टरांनी ‘आता जुना डबा पुन्हा सुरू करून बघू’ म्हटलं की घरातल्या आजीच आधी बोलतात, ‘अहो, आत्ता कुठे बरं चाललंय, उगाच कशाला?’ आजींचं म्हणणं प्रेमाचं आहे. डॉक्टरांनाही भांडायचं नसतं. पुढचा पेशंट बाहेर थांबलेला असतो. संशयाचं निदान होतं ते असं, न बोलता.

आणि संशय किती वेळा चुकीचा ठरतो, याचा चांगला पुरावा जुनाच आहे. डेन्मार्कमध्ये 1985 साली जन्मलेल्या 1749 बाळांचा माग ठेवला गेला. दुधाच्या ॲलर्जीचा संशय यावा अशी लक्षणं 117 बाळांत दिसली. दूध बंद करून, पुन्हा देऊन पाहिल्यावर ॲलर्जी ठरली फक्त 39 जणांची. तीन संशयांपैकी एक खरा. अलीकडे नऊ युरोपीय देशांतल्या बारा हजारांवर बाळांचा असाच काटेकोर अभ्यास झाला. 2015 मध्ये त्याचा निष्कर्ष आला तेव्हा सिद्ध झालेल्या ॲलर्जीचं प्रमाण 0.54 टक्के निघालं. डॉक्टर आणि पालक सहज बोलतात ते दोन-तीन टक्के त्याच्या चार-पाच पट होतात.

ब्रिटनमध्ये ही पायरी सुटल्याची किंमत आकड्यांत दिसते. तिथे 2006 ते 2016 या दहा वर्षांत ॲलर्जीच्या खास पावडरींची प्रिस्क्रिप्शन्स वर्षाला 1,05,029 वरून सहा लाखांच्या पुढे गेली. सरकारी खर्च 81 लाख पौंडांवरून सहा कोटी पौंडांवर पोहोचला. त्या दशकात बाळांची आतडी एवढी बदलली असं कुणीच म्हणत नाही. 2013 मध्ये तिथल्या कुटुंबाच्या डॉक्टरांसाठी लक्षणांची यादी आली: गुळणी, रडणं, पोटात कळ, शी सैल किंवा घट्ट, अंगावर चट्टे. यांतली दोन-तीन लक्षणं नसलेलं बाळ शोधून सापडत नाही. पुढे 2022 मध्ये एका मोठ्या अभ्यासातल्या सर्वसाधारण बाळांवर या यादीची सुधारित आवृत्ती लावून पाहिली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश बाळं कधी ना कधी तिच्यात बसली. आणि 2020 मध्ये अशा मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांची छाननी झाली, तेव्हा त्यांतल्या 81 टक्के लेखकांचे पावडर बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध असल्याचं त्यांच्याच घोषणांतून पुढे आलं. मी या सूचना रद्दी मानत नाही. त्यांतला पुन्हा दूध देण्याचा भाग योग्यच आहे. पण ज्या पानावर संशय वाढवायला मदत आहे ते वाचलं जातं आणि संशय तपासायचं पान मागे राहतं, हे बघून राग येतो.

भारतात घड्याळ वेगळं चाललं. आपल्याकडे कित्येक वर्षं उलट अन्याय झाला. शीमध्ये रक्त, जुलाब, वजन न वाढणं या तक्रारी घेऊन आलेल्या बाळांना संसर्ग समजून अँटिबायोटिकचा कोर्स एकामागून एक दिला गेला, आणि खऱ्या ॲलर्जीची बाळं महिनोन्‌महिने सुकत राहिली. मोठ्या रुग्णालयांनी दीर्घ जुलाबाच्या मुलांच्या आतड्याचे नमुने तपासायला घेतल्यावर हा आजार इथेही आहे हे मान्य झालं. पण तोडलेल्या प्रथिनांची पावडर सहज मिळत नव्हती, म्हणून सोयाचा डबा हाच वर्षानुवर्षं आधार राहिला. युरोपातले तज्ज्ञ सहा महिन्यांच्या आत सोया नको म्हणतात, आणि ॲलर्जी असलेल्या बाळांपैकी दहा ते चौदा टक्क्यांना सोयाही सोसत नाही. 2020 मध्ये भारतीय पोटविकारतज्ज्ञांनी स्वतःच्या सूचना काढल्या; त्यांतही निदानाचा शेवटचा शब्द दूध बंद करून पुन्हा देऊन पाहण्यालाच दिला आहे.

पुण्यात आता पावडरी मिळतात. औषधाच्या दुकानात मागितली तर त्याच संध्याकाळी घरपोच येते. पण 900 मिली दुधाला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम पावडर लागते. 400 ग्रॅमचा डबा तीन-साडेतीन दिवसांत संपतो. महिन्याला नऊ डबे, आणि हा डबा साध्याच्या कितीतरी पट महाग. भाड्याच्या घरात, एका पगारावर चालणारं कुटुंब तपासल्याशिवाय वर्षभर हे डबे आणतं, तेव्हा ती पायरी गाळल्याचा भुर्दंड त्यांच्यावर पडतो. खर्च टाळायचा म्हणून मग घरचे उपाय सुरू होतात. शेळीचं दूध ‘हलकं’ म्हणून आणलं जातं. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेळीचंही चालत नाही, म्हशीचंही नाही. लॅक्टोज नसलेला डबा दिला जातो. त्यातली साखर काढलेली असते, प्रथिनं तीच असतात. रक्ताच्या तपासणीचं महागडं पॅनेल केलं जातं. ज्या ॲलर्जीत तासा-दीड तासात अंगावर गांधी उठतात तिथे ते उपयोगी पडतं. उशिरा पोटात होणाऱ्या त्रासात रिपोर्ट कोरा येतो, आणि तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग दूध पुन्हा द्यायचं कसं, याचं ब्रिटनमधलं वेळापत्रक साधं आहे. पहिल्या दिवशी एका बाटलीत 30 मिली साध्या पावडरीचं दूध, बाकी खास पावडरीचं. दुसऱ्या दिवशी 60, तिसऱ्या दिवशी 90, असं आठवडाभरात ती एक बाटली पूर्ण साधी होते. त्रास परतला तर थांबायचं; परतला नाही तर ॲलर्जी नव्हती. हे घरी करायचं ते फक्त सौम्य, उशिरा होणाऱ्या त्रासात आणि डॉक्टरांशी ठरवून. दूध पोटात गेल्यावर लगेच अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, श्वासाला घरघर, किंवा एक ते चार तासांत उलट्यांवर उलट्या होऊन बाळ पांढरं-मलूल पडणं, यांतलं काहीही एकदा झालं असेल तर पुढचा घोट रुग्णालयातच. हिरवी उलटी, तीन-सहा आठवड्यांच्या बाळाची दूरवर उडणारी उलटी, ताप किंवा उतरतं वजन यांना रिफ्लक्सही म्हणू नये, ॲलर्जीही. त्याच दिवशी दाखवावं.

खऱ्या ॲलर्जीचं बाळ ठरलं तरी दूध कायमचं सुटत नाही. डेन्मार्कच्या त्याच 39 बाळांपैकी 56 टक्के वर्षाच्या वयात, 77 टक्के दोन वर्षांत आणि 87 टक्के तीन वर्षांत गाईचं दूध पचवू लागली होती. म्हणून ठरावीक काळाने पुन्हा दूध देऊन पाहण्याची तारीख फाइलवर लिहून घ्यावी, आणि ती तारीख आली की आईवडिलांनीच डॉक्टरांना आठवण करावी.