वाय-फाय जोडलंय, पण पान उघडत नाही? फॉरमॅटची घाई नको

ठाण्यात काय, वाशीत काय, हमखास ऐकू येतं: ‘नेट जोडलंय पण साइट उघडत नाही, म्हणजे विंडोज गेली, फॉरमॅट मारा.’ हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांचे फोटो, हिशेब नाहक पुसले जातात.

कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला लेखी हुकूम द्यायची काळी खिडकी) ‘पिंग ८.८.८.८’ इंग्रजीत टाइप करा; हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. उत्तर आलं तर लाइन चालू आहे. बहुधा साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर कंपनीचं) करून पाहा. मग प्रॉक्सी, म्हणजे नेट मधल्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेटिंग, बंद आहे ना तेही बघा. काही व्हीपीएन ॲप काढून टाकल्यावरही त्यांनी लावलेली प्रॉक्सी चालूच राहते.

कॉम्प्युटरची तारीख मात्र कुणी बघत नाही! जुन्या डेस्कटॉपचा आतला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपला की ती मागे जाते आणि ब्राउझर साइटचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा मुदतबंद दाखला) नाकारतो. तिथे सेलच बदलावा लागतो.