मूलपेशी प्रत्यारोपणानंतरची रेंगाळणारी मळमळ

रक्ताचा कर्करोग, मायलोमा, लिम्फोमा, ॲप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया अशा आजारांत रुग्णाला स्वतःच्या किंवा दात्याच्या मूलपेशी, म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशी, देऊन त्याचे रक्त नव्याने उभे करण्याचा उपचार करतात. रुग्णालयात आणि घरात त्याला बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण) म्हणूनच ओळखतात. पेशी देण्याआधीच्या जबर केमोथेरपीने पहिले काही दिवस मळमळ आणि उलट्या होणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पुष्कळ रुग्णांची मळमळ रक्तातील पेशी वाढीला लागल्यावर आणि घरी परतल्यावरही आठवडेच्या आठवडे, क्वचित वर्षभरही टिकते. उलटी होतेच असे नाही. पोटात ढवळत राहते, कोरडे उमासे येतात, अन्नाच्या वासाने शिसारी येते, दोन घासांत पोट भरल्यासारखे होते. रिपोर्ट चांगले असल्यामुळे घरचे म्हणतात, ‘होईल हळूहळू बरे’, आणि रुग्णही सोसत राहतो. हे सोसणे बहुतेक वेळा अनावश्यक असते. या मळमळीमागे शोधता येण्याजोगे कारण सहसा असतेच. मात्र कारणे अनेक आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी कारण शोधावे लागते.

या उपचाराचे मानवातील पहिले प्रयोग ई. डॉनल थॉमस यांनी अमेरिकेत १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये झाले. ओकारीवर आज सर्रास दिले जाणारे ऑनडान्सेट्रॉन तेव्हा उपलब्ध नव्हते. ते १९९० च्या सुमारास वापरात आले. त्याआधीच्या रुग्णांनी हा उपचार कसा निभावला असेल, याची आज कल्पनाही करवत नाही.

सुरुवातीची मळमळ

केमोथेरपीमुळे आतड्याच्या अस्तरातील काही पेशी सेरोटोनिन सोडतात. तो संदेश व्हेगस मज्जातंतूमार्गे मेंदूच्या तळाशी असलेल्या वांतिकेंद्रापर्यंत पोचतो. पहिल्या चोवीस तासांतला त्रास मुख्यतः याचा असतो. पुढच्या काही दिवसांत ‘सबस्टन्स पी’ नावाच्या द्रव्याचा वाटा मोठा होतो, म्हणून ऑनडान्सेट्रॉनच्या जोडीला ॲप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन देतात. मायलोमासाठी दिल्या जाणाऱ्या मेल्फालान या केमोथेरपीच्या औषधाच्या मोठ्या मात्रेनंतर हा दुसरा टप्पा चांगलाच लांबतो. अर्ध्या जुळणीच्या दात्याकडून पेशी घेतल्या असतील, तर पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा केमोथेरपीचे औषध, सायक्लोफॉस्फामाइड, देतात, आणि जरा शांत झालेले पोट परत उसळते. स्वतःच्याच पेशी गोठवून ठेवल्या असतील, तर त्या टिकवण्यासाठी घातलेले डीएमएसओ श्वासावाटे बाहेर पडते. एक-दोन दिवस खोलीत लसणासारखा उग्र वास येतो, आणि तो रुग्णापेक्षा जवळ बसलेल्यालाच जास्त जाणवतो.

दुसऱ्या आठवड्यात तोंड आणि घसा सोलवटतो. चिकट, दाट लाळ घशात साचते. ती गिळताना उमासा येतो आणि तो पोटातून आला असे वाटते. इथे ओकारीच्या गोळीपेक्षा वारंवार गुळण्या करणे, लाळ गिळण्याऐवजी थुंकणे आणि गरज पडल्यास ती नळीने ओढून काढणे यांचा उपयोग अधिक होतो.

नंतरची मळमळ : कारणे

स्वतःच्याच पेशी मिळालेल्या रुग्णांची मळमळ साधारण काही आठवड्यांत ओसरते. दात्याच्या पेशी मिळालेल्यांची गोष्ट वेगळी असते.

सर्वांत नेहमीचा संशयित म्हणजे औषधे. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट, बुरशीविरुद्ध व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल, न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमोक्सॅझोल, विषाणूविरुद्ध ॲसायक्लोव्हिर, शिवाय मॅग्नेशियमच्या गोळ्या असा डबा भरलेला असतो. यांतील जवळजवळ प्रत्येक औषध मळमळ घडवू शकते. बुरशीविरोधी औषधे सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढवतात. पातळी वाढली की मळमळ येते, हात थरथरतात, मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन चढते. पातळी तपासण्याचे रक्त सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचे असते. सवयीने गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेल्यास आकडा चढा दिसतो आणि निर्णय चुकण्याचा धोका राहतो. ग्रेपफ्रूटसारखेच पपनसही ही पातळी वाढवू शकते, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या घरी पपनस सोलले जात असेल, तर रुग्णाने त्यापासून लांबच राहावे.

दुसरे कारण वरच्या पचनमार्गातील जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या प्रतिकारपेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला. त्वचेवर पुरळ आले किंवा जुलाब लागले की सगळे सावध होतात. पण हा आजार केवळ जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापुरता असू शकतो, आणि तेव्हा त्याची लक्षणे इतकीच असतात : भूक नाही, मळमळ आहे, चार घासांत पोट भरते. एन्डोस्कोपीत अस्तर जवळपास निरोगी दिसू शकते, म्हणून तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. स्टेरॉइड्सना हा प्रकार बहुधा चांगला प्रतिसाद देतो. काही वेळा आतड्यातच काम करणारे बेक्लोमेथासोन किंवा ब्युडेसोनाइड जोडीला देतात. केवळ ओकारीच्या गोळ्या बदलत राहून ज्यांचे महिने वाया जातात, त्यांच्यात या निदानाचे रुग्ण असतात, आणि तेच सर्वांत जास्त खटकते.

तिसरे, सायटोमेगॅलोव्हायरस. भारतातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आधीपासून सुप्त असतो आणि प्रतिकारशक्ती दबली की डोके वर काढतो. जठरात किंवा आतड्यात तो असला, तरी रक्ताची पीसीआर तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणजे इथेही खात्री तुकडा तपासूनच होते.

चौथे कारण स्टेरॉइड कमी करतानाचे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यावर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, बनवणाऱ्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. डोस घटवत आणला की मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे असा त्रास सुरू होतो. हे ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देतात. खरे तर सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी बरेच सांगून जाते.

याशिवाय जठर मंदावणे, ऑनडान्सेट्रॉननेच झालेले बद्धकोष्ठ, यकृताचा त्रास हेही असते. आणि मनाने शिकलेली मळमळ असते. रुग्णालयाचे फाटक दिसले, स्पिरिटचा वास आला, की पोट वर येते. हे नाटक नव्हे. शरीराने जुना अनुभव पक्का धरून ठेवलेला असतो. तपासणीच्या आदल्या रात्री आणि सकाळी डॉक्टरांनी दिलेली लोराझेपाम या मन शांत करणाऱ्या औषधाची छोटी मात्रा, संथ श्वसन आणि शिथिलीकरण यांनी ती कमी होते. नेहमीच्या ओकारीच्या गोळ्यांना ती फारशी दाद देत नाही.

नोंदवही

‘दिवसभर मळमळतंय’ या वाक्यावरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. वेळ कळली, तर पुष्कळ कळते. एखाद्या पानावर असे लिहिलेले असते : सात वाजता उठल्याउठल्या उमासे, घशात कफ, आठला सायक्लोस्पोरिन, पावणेनऊला पोटात ढवळले, अर्धी इडली टाकली, बाराला बरे, वरणभात चार चमचे, चारला काही नाही, आठला गोळी, नऊला पुन्हा ढवळले. असे तीन-चार दिवस सलग दिसले की गोळीकडे बोट जाते. दिवसातून दोनदा, डोसनंतर तासाभराने येणारी मळमळ आणि गोळ्यांशी संबंध नसलेली, जेवणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घासाला येणारी मळमळ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीसाठी पातळी तपासतात आणि गोळीची वेळ किंवा पद्धत बदलतात. दुसरीसाठी एन्डोस्कोपीचा विचार होतो. उलटी झाली तर गोळी घेतल्यानंतर किती वेळाने झाली आणि त्यात गोळी दिसली का, हेही लिहावे. डोस पुन्हा घ्यायचा का, हे प्रत्यारोपण केंद्राला फोन करून विचारावे. सायक्लोस्पोरिनचा किंवा स्टेरॉइडचा डोस मनाने दुप्पट करणे जितके धोक्याचे, तितकेच तो मनाने गाळणेही. आठवड्याचे वजनही त्याच वहीत असावे.

सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूलला स्वतःचा उग्र वास असतो आणि काहींना तेवढाच पुरतो. पाकीट दुसऱ्या खोलीत फोडून थोड्या वेळाने कॅप्सूल आणून दिली, तर ती पोटात टिकण्याची शक्यता वाढते.

स्वयंपाकघर आणि पथ्य

फोडणीचा वास हा मराठी घरातला मोठा अडथळा आहे. एका खोलीच्या घरात किंवा उपचारासाठी मुंबईत भाड्याने घेतलेल्या जागेत रुग्णाला वासापासून दूर ठेवणे कठीणच. रुग्ण बाहेर मोकळ्या हवेत असताना फोडण्या आणि तळण उरकून घेता येते. गरम अन्नापेक्षा कोमट किंवा गार अन्नाला वास कमी येतो, म्हणून वाफाळत्या ताटापेक्षा निवलेली भाताची पेज, मुगाचे साधे वरण, मऊ खिचडी, नाचणीची खीर, साबुदाण्याची लापशी सोसते. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी प्लास्टिकचा किंवा लाकडी चमचा वापरून पाहावा. दोन वेळच्या भरल्या ताटापेक्षा दर दोन तासांनी वाटीभर खाणे बरे. पाणी जेवताना न पिता मधल्या वेळेत घोटघोट घ्यावे. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. आवडीचा पदार्थ सर्वांत वाईट दिवशी देऊ नये, कारण त्या दिवसाची शिसारी त्या पदार्थाला कायमची चिकटते.

आग्रह हा आपल्याकडे मायेचाच भाग. ‘माझ्यासाठी दोन घास’ म्हणणाऱ्या आईला किंवा बायकोला नको म्हणताना रुग्णाचा जीव कोंडतो, आणि तरी खाल्लेले उलटून पडते. ताट समोर ठेवून बाजूला होणे आणि किती खाल्ले हे न विचारता नंतर वहीत टिपणे, यात दोघांचीही सुटका असते.

पथ्याबाबत मात्र फेरविचाराची गरज आहे. घरचे विरजलेले दही, कच्ची कोशिंबीर, लोणचे, चटणी, बाहेरचे काही नको, सगळे कुकरमधून काढलेले हवे, असे सांगितले जाते. परिणामी आधीच भूक नसलेल्या माणसासमोर तेच ते बेचव अन्न येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका यादृच्छिक चाचणीत, ताजी फळे आणि भाज्या खाऊ दिलेल्या रुग्णांना कडक पथ्यवाल्यांपेक्षा जास्त जंतुसंसर्ग झाला नाही. आपल्याकडील पाणी आणि साठवण पाहता डॉक्टर सावध राहतात, ते समजण्यासारखे आहे. तरीही कोणते पथ्य कधी सुटणार, हे दर भेटीला विचारावे. जाड सालीची केळी, संत्री, मोसंबी स्वच्छ धुऊन, सोलून लगेच खायला अनेक केंद्रे लवकर परवानगी देतात.

वजन घसरतच राहिले तर नाकातून नळी घालून अन्न देतात. नळी म्हणजे शेवट, असे समजून कुटुंबे ती नाकारतात. वास्तविक ती तात्पुरती असते. आतडे चालू असेल तर शिरेतून पोषण देण्यापेक्षा हा मार्ग चांगला, आणि जेवणाच्या सक्तीतून रुग्णाला सोडवण्याचा तो एक उपायही आहे.

घरगुती उपाय

आल्याचा उपयोग काहींना होतो. केमोथेरपीच्या मळमळीवरील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. प्लेटलेट कमी असताना आल्याचे अर्क किंवा कॅप्सूल घेऊ नयेत. पाण्यात उकळलेला लहान तुकडा डॉक्टरांना विचारून चालतो. मनगटाच्या वळीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांच्या मध्ये दाब देण्याचा उपाय निरुपद्रवी आहे आणि काहींना त्याने बरे वाटते.

काढे, चूर्णे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ औषधे यांचा प्रश्न गंभीर आहे. दात्याच्या पेशी मिळालेल्याची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनी मुद्दाम दाबलेली असते. ती उचकवणे म्हणजे जीव्हीएचडीला आमंत्रण. वाळवलेल्या वनस्पतींत बुरशीचे बीजाणू असू शकतात. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर वाद झाला, पण बीएमटीच्या रुग्णाने वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणेच योग्य.

लहान मुले

मुलाला मळमळ सांगता येत नाही. ते टीव्हीकडे पाठ फिरवते, लाळ गाळते, ताट पाहून रडते किंवा ‘पोट दुखतं’ म्हणते. मेटोक्लोप्रामाइड या ओकारीवरच्या औषधाने मुलांची मान आणि डोळे वाकडे होऊन बसण्याचा दुष्परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक दिसतो. तसे झाल्यास घाबरून न जाता लगेच रुग्णालय गाठावे, त्यावर उतारा आहे.

तातडीची लक्षणे

३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा रंग, हिरवी उलटी, जुलाब, डोळे पिवळे होणे, उलटीबरोबर जोराची डोकेदुखी किंवा गुंगी, लघवी कमी होणे, गोळ्या पोटात न टिकणे यांपैकी काहीही असल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्राला कळवावे. दात्याकडून पेशी घेतलेल्यांना पहिले शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहायला सांगतात, त्याचे हेही कारण आहे.

त्यानंतर गावी परतलेल्याने डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी आणि केंद्राचा क्रमांक जवळ ठेवावा. गावातला डॉक्टर चांगल्या हेतूने उलटीचे इंजेक्शन कमरेत देऊ पाहतो; प्लेटलेट कमी असतील तर स्नायूत रक्त साकळून मोठी गाठ होते. इंजेक्शन द्यायचेच असेल तर ते शिरेतून द्यावे, आणि त्याआधी केंद्राशी बोलून घ्यावे, कारण ऑनडान्सेट्रॉन आणि बुरशीविरोधी औषधे एकत्र आली की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.