त्रास सुरू होण्याआधीची पंधरा वर्षं

"मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?" गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर लागलं की आशाताईंना हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. एरवी त्यात चूक काही नाही. अंगात ताप नसताना तापाची गोळी कोण घेतं? पण या आजारात हा हिशेब उलटा पडतो. काहीच त्रास नसतो तेव्हाच ही तपासणी सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

भारतात बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल हाच कॅन्सर आढळतो. २०२२ सालच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतलेल्या बायका ३० ते ४९ वयोगटात दोन टक्केही नव्हत्या. हे आकडे शेजारी ठेवले की मला राग येतो, कारण इतका सावकाश वाढणारा आणि इतका आधी सापडणारा कॅन्सर क्वचितच असतो.

तो सावकाश का वाढतो, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. जवळजवळ प्रत्येक रुग्णात त्याच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही असतो. हे नातं दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, पण १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत ठरतात. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. त्यावरून कुणाचं चारित्र्य काढू नये. बहुतेक बायकांची प्रतिकारशक्ती दोनेक वर्षांत त्याला हुसकावून लावते. प्रश्न उरतो तो ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो त्यांचा.

या विषाणूचा डीएनए जेमतेम ८ हजार अक्षरांचा असतो. स्वतःच्या प्रती काढायची सामग्री त्याच्याकडे नसते, ती पेशीचीच वापरावी लागते. आणि इथे त्याची अडचण होते. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या, अस्तरात तळाच्या पेशी विभागत राहतात आणि वर सरकतात. वर सरकलेल्या पेशी विभागणं थांबवतात, डीएनएच्या प्रती काढायची यंत्रणा बंद करतात आणि शेवटी गळून पडतात. विषाणूला तर याच वरच्या पेशींमध्ये वाढायचं असतं. म्हणजे बंद झालेली यंत्रणा त्याला पुन्हा सुरू करावी लागते.

त्यासाठी तो दोन प्रथिनं बनवतो, ई७ आणि ई६. पेशीत आरबी नावाचं एक प्रथिन असतं. 'ई२एफ' हा विभाजनाचे जनुक चालू करणारा घटक ते अडवून धरतं. ई७ आरबीला चिकटतं, ई२एफ सुटतो आणि पेशी नको त्या वेळी डीएनएच्या प्रती काढू लागते. अशा गडबडीवर पेशीत आणखी एक पहारा असतो, पी५३ या प्रथिनाचा. काही बिघडलंय असं दिसलं की पी५३ विभाजन थांबवतं, नाहीतर पेशीला स्वतःचा अंत करायला लावतं. म्हणून ई६ कामाला लागतं. ते पेशीतल्याच एका एन्झाइमला सोबत घेऊन पी५३ वर युबिक्विटिनची खूण चढवतं, आणि अशी खूण लागलेलं प्रथिन पेशीची मोडतोड-यंत्रणा नष्ट करते. एकाने थांबा काढला, दुसऱ्याने पहारेकरी मारला.

तरीही हा कॅन्सर नव्हे. विषाणूतलंच ई२ हे प्रथिन ई६ आणि ई७ च्या जनुकांना मर्यादेत ठेवतं. पण पुष्कळदा, वर्षं गेल्यावर, विषाणूचा गोलाकार डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो, आणि तुटताना अनेकदा नेमका ई२ चा भागच मोडतो. आता ई६ आणि ई७ ला आवरणारं कुणी उरत नाही. पहारा नसलेली पेशी विभागत राहते आणि तिच्या डीएनएमधल्या चुका साठत जातात. गंमत म्हणजे असा अडकलेला विषाणू पुढे कुणाला लागण करू शकत नाही, त्याच्या दृष्टीनेही हा अपघातच. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी आजही प्रयोगशाळांत वाढतात. त्यांच्यात एचपीव्ही-१८ चे हे दोन जनुक अजून चालू आहेत, आणि ते बंद पाडले की पेशींची वाढ थांबते.

लागणीपासून कॅन्सरपर्यंतच्या या वाटेला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या स्त्रीत मात्र ५ ते १० वर्षंच. या काळात दुखत नाही, रक्त जात नाही, पण अस्तरावर बदल दिसतात, आणि ते पाहायला लागतं ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधला आम्ल पदार्थ. बिघडलेल्या पेशींची केंद्रकं मोठी आणि प्रथिनांनी गच्च भरलेली असतात. आम्लाने ही प्रथिनं तात्पुरती साकळतात आणि प्रकाश विखुरतात. अंड्यातला पारदर्शक द्रव तापल्यावर पांढरा होतो, तसा तो भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांसोबत याच तपासणीचा अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, तर थोडंफार शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक महिला दर दोन वर्षांनी तपासणी करत. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने १९९९ पासून झालेल्या अभ्यासात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका होत्या. तिथे एचपीव्हीची चाचणी एकदाच केली, तरी आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हिनेगरच्या एकाच फेरीने तिथे तसा फरक पडला नाही. माझ्या मते अर्थ सरळ आहे: डोळ्यांनी पाहायची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, विषाणू शोधणारी चाचणी कमी वेळा करूनही भागतं. दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटाला तपासणी मिळाली नाही यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती.

लक्षणं दिसू लागली की ही पंधरा-वीस वर्षांची मोकळीक संपते. पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा लाल जाणं, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, यांतलं काहीही असलं तर शिबिराची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. 'बाहेरचं' झालंय म्हणून अंगारा लावत महिने घालवू नयेत. सुई टोचली, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही समजूतही तितकीच घातक आहे. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाहीत, आणि आजाराला पसरायला वेळ मिळतो तो याच टाळाटाळीत. तोंडातला न दुखणारा पांढरा वा लाल चट्टा, मिश्री-गुटखा खाणाऱ्याचं तोंड कमी उघडणं, स्तनातली न दुखणारी गाठ, हेही असंच अंगावर काढलं जातं.

'एका रक्ततपासणीत सगळे कॅन्सर' अशा पॅकेजवर मात्र पैसे घालवू नका. प्रत्येक कॅन्सर अशी लांब मोकळीक देत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ ही रक्ततपासणी वापरून ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. २०२१ च्या निष्कर्षांनुसार तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत.

गर्भाशयमुखाचं तसं नाही. सुरुवातीचा बदल सापडला आणि तो योग्य जागी, मर्यादित असला, तर साधारण १०० अंशांपर्यंत तापवलेलं टोक २०-३० सेकंद टेकवून तो भाग नष्ट करता येतो. गर्भपिशवी काढावी लागत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. तिचा सर्वाधिक फायदा लागण होण्याआधी, लहान वयात घेतल्याने होतो. आधीच असलेली लागण ती काढत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनीही तिशीनंतर तपासणी करायची. ही तपासणी सरकारी कार्यक्रमात समाविष्ट आहे. तपासून घ्यायचा संकोच वाटत असेल, तर एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःच, पडद्याआड, कापसाच्या काडीने घेता येतो. ती सोय आपल्याकडे आहे का, हे आशाताईंना किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.