पित्तखडे आणि पाठदुखी

पित्ताशयात खडे झालेल्या काही रुग्णांना पोटाइतकीच, क्वचित पोटाहूनही जास्त वेदना पाठीच्या वरच्या भागात होते. ती बहुधा उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या (पाठीवरच्या चपट्या हाडाच्या) खालच्या टोकाशी किंवा दोन फऱ्यांच्या मध्ये जाणवते. पाठीत मात्र काहीच बिघडलेले नसते. बिघाड एका अवयवात आणि वेदना दुसरीकडे, अशा दुखण्याला डॉक्टर ‘रेफर्ड पेन’ म्हणतात.

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या बाजूस चिकटलेली, साधारण ३० ते ५० मिलिलिटर पित्तरस मावणारी पिशवी. तेलकट-तुपकट जेवण आतड्यात उतरले की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटते आणि पिशवी आकुंचन पावते. तोंडाशी खडा अडकलेला असेल तर आतला दाब वाढतो, भिंत ताणली जाते आणि दुखू लागते.

या ताणाचा संदेश नेणाऱ्या चेता उदरातील चेताजालातून निघून मज्जारज्जूच्या वक्षभागातील साधारण पाचव्या ते नवव्या खंडांत शिरतात. पाठीच्या त्या पट्ट्यातील त्वचा व स्नायूंच्या चेताही त्याच खंडांत येतात. फऱ्याच्या खालच्या टोकाजवळची त्वचा सातव्या खंडाची आहे. मज्जारज्जूत दोन्हीकडचे संदेश बऱ्याच अंशी त्याच पेशींवर उतरतात आणि एकाच वाटेने वर जातात. त्वचेकडून मेंदूला जन्मभर निरोप येत असतात, पित्ताशयाकडून क्वचितच. त्यामुळे मेंदू हा निरोपही पाठीच्या नावावर टाकतो. आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण हेच. अंतर्गत अवयवांच्या आजारात त्वचेचे कोणते पट्टे हुळहुळे होतात, याची मांडणी हेन्री हेड या इंग्रज डॉक्टरांनी १८९३ मध्येच केली होती. रुग्ण पाठीवर बोट ठेवतो तेव्हा त्याला भ्रम झालेला नसतो. वेदना खरी असते, पत्ता तेवढा चुकलेला असतो.

पोटातली वेदनाही सुरुवातीला नेमकी जागा दाखवत नाही. ती छातीखालच्या खळगीत, मध्यभागी येते, कारण गर्भावस्थेत हा भाग मध्यरेषेवर तयार होतो आणि त्याच्या चेता दोन्ही बाजूंनी मज्जारज्जूत जातात. पित्ताशयाला सूज येऊन ती पोटाच्या आतील आवरणाला भिडली, की मग दुखणे उजव्या बरगडीखाली स्थिरावते.

आपल्याकडे या दुखण्याचे निदान लांबते त्यात भाषेचाही वाटा आहे. बोलीत ‘पित्त झाले’ म्हणजे आम्लपित्त, ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावरच्या गांधी; पित्ताशयाशी दोन्हींचा संबंध नाही. पाठ धरली की ‘उसण भरली’ म्हणून शेक आणि मालिश सुरू होते. उसण वाकताना, वळताना वाढते आणि दाबल्यावर तिची जागा सापडते. खड्याची वेदना हालचालीने फारशी बदलत नाही, कोणत्याही कुशीवर आराम पडत नाही. ती अनेकदा जेवणानंतर किंवा रात्री सुरू होते, सोबत मळमळ असते. तिला ‘कळ’ म्हणतात खरे, पण ती येत-जात नाही. चढते, काही वेळ तशीच राहते आणि सहसा काही तासांत ओसरते. सोनोग्राफीत खडे सहज दिसतात. मात्र बहुतेकांचे खडे कधीच त्रास देत नाहीत, म्हणून खडे दिसले म्हणजे पाठदुखी त्यांचीच, असेही समजू नये.

वेदना सहा तासांहून अधिक टिकली, ताप-थंडी आली किंवा डोळे पिवळे झाले तर रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, घाम, धाप यांसह पाठ दुखत असेल तर आधी हृदयविकाराची शंका घ्यावी, खड्याची नव्हे.

उजव्या खांद्याच्या टोकाशी होणाऱ्या वेदनेची वाट वेगळी. सुजलेले पित्ताशय श्वासपटलाला डिवचते; त्याची चेता मानेतील तिसऱ्या ते पाचव्या खंडांतून येते, आणि खांद्यावरच्या त्वचेच्या चेताही तिथल्याच. दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तोही याच वाटेने: शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड श्वासपटलाला चुरचुरवतो, आणि तो शोषला गेला की दुखणे थांबते.