एकाच फाइलमध्ये दोघं टाइप करतात तेव्हा नक्की होतं काय?

बऱ्याच जणांना वाटतं की गूगल डॉक्समध्ये दोघांनी एकदम टाइप केलं तर शेवटी ज्याचं सेव्ह होतं त्याचंच राहतं. तसं अजिबात नाही, आणि आत जे चालतं ते इतकं भारी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी थोडं मागचं. वेब मुळात वाचायची जागा, लिंक दाबली की अख्खं पान नव्याने यायचं. 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 5 मध्ये पान तसंच ठेवून मागच्या मागे हवा तेवढाच डेटा मागवायची सोय आली, मग 2004 ला जीमेल, 2005 ला गूगल मॅप्स, आणि ब्राउझरमध्येच सॉफ्टवेअर चालायला लागलं, सीडी नको की इन्स्टॉल नको. सेल्सफोर्ससारख्या कंपन्या तर जीमेलच्याही आधीपासून ब्राउझरमधून सॉफ्टवेअर भाड्याने देत होत्या.

आता मुद्द्याचं. समजा फाइलमध्ये "दर 40" एवढंच आहे. नाशिकहून आशाने सुरुवातीला "आज" आणि एक स्पेस घातली, त्याच क्षणी पुण्याहून सुनीलने 40 चे 60 केले. अख्खी फाइल कोणीच पाठवत नाही, जाते फक्त कृती. सुनीलची कृती अशी: चौथं अक्षर खोड, तिथे 6 लिही (स्पेसपण मोजायची बरं का). पण आशाच्या स्क्रीनवर आता चौथं अक्षर "द" आहे! कृती तशीच लावली तर "आज 6र 40" होईल. म्हणून लावण्याआधी कृतीच बदलायची, आशाने पुढे तीन जागा वाढवल्या, चार अधिक तीन सात, तर सातवं अक्षर खोड. झालं "आज दर 60". सुनीलकडे आशाची कृती आहे तशीच लागते, कारण सुरुवात हलली नाही. दोघांकडे क्रम उलटा, मजकूर मात्र एकच.

याला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी हे 1989 ला मांडलं, म्हणजे वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव दिला त्याच वर्षी. हल्ली प्रत्येक ॲपच्या जाहिरातीत एआय चिकटवतात, इथे बेरीज-वजाबाकीवर जगभरची ऑफिसं चाललीत याचं कौतुक कोणी करत नाही.

दोघांनी अगदी एकाच जागी लिहिलं तर? सर्व्हर प्रत्येक कृतीला नंबर देतो, तो क्रम सगळे पाळतात. शिवाय तुमचा ब्राउझर एका वेळी एकच बदल-गठ्ठा पाठवतो आणि पोच येईपर्यंत पुढचं टायपिंग स्वतःकडे साठवतो. म्हणून सर्व्हरकडे एकच सरळ इतिहास राहतो आणि उशिरा पोचलेली कृती त्या इतिहासातल्या मधल्या प्रत्येक बदलातून सरकवून मगच लावली जाते.