आम्लानुसार फुगणारे-आकसणारे जेल: स्नायूच्या कोड्यापासून औषधाच्या गोळीपर्यंत

आम्लाच्या कमी-जास्त प्रमाणानुसार फुगणारे-आकसणारे जेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारी लांब रेणुसाखळ्यांची जाळी, आज औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकात सापडतात. ज्यांनी ते आधी अभ्यासले, त्यांच्या डोक्यात मात्र औषध नव्हतेच. स्वित्झर्लंडमधील बाझेलचे व्हेर्नर कून आणि इस्रायलच्या वाइझमन संस्थेचे आहरोन कात्सालस्की यांना कोडे पडले होते स्नायूचे. रासायनिक ऊर्जेतून थेट हालचाल निर्माण कशी होते? पॉलिॲक्रिलिक आम्लाचे जाळे अल्कलीत फुगते, आम्लात आकसते आणि हे पुनःपुन्हा करता येते, असे त्यांनी सहकाऱ्यांसह १९५० मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दाखवले.

या जाळ्याच्या साखळ्यांवर कार्बोक्सिल गट (आम्लधर्मी अणुगट) असतात. सामू (पीएच) वाढला, म्हणजे आम्लता घटली, की ते प्रोटॉन सोडतात आणि साखळीवर ऋण भार उरतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून जेल फुगते, असे सहसा सांगितले जाते. ते अपुरे आहे. हे ऋण भार संतुलित करायला सोडियमसारखे धनभारित कण (आयन) जेलमध्ये अडकून पडतात. आत त्यांची गर्दी वाढली की परासरण दाबामुळे (दाट द्रावणाकडे पाणी ओढले जाण्यामुळे) पाणी आत शिरते, आणि साखळ्यांचा ताण त्याला थोपवेपर्यंत शिरत राहते. त्यामुळेच बाहेरच्या द्रवात भरपूर मीठ असेल तर तेच जेल कमी फुगते. आयनांच्या अशा आत-बाहेरच्या वाटणीचे गणित डॉनन यांनी १९११ मध्ये मांडले होते, ताणाचे फ्लोरी आणि रेह्नर यांनी १९४३ मध्ये.

अमाइन गटांच्या (नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी अणुगटांच्या) जेलचे सगळे उलटे. आम्लात ते प्रोटॉन घेतात, धनभारित होतात आणि फुगतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान याच जातीचे.

सिद्धांत असा तयार असूनही औषधाला त्याचा उपयोग व्हायला काही दशके गेली. शरीराला सोसवेल असे जेल १९६० मध्ये प्रागच्या विख्टर्ले आणि लिम यांनी दिले; त्यातूनच पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. १९७० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या तोयोइची तानाका यांनी दोन गोष्टी दाखवल्या. परिस्थितीत किंचित बदल होताच जेलचे आकारमान एकदम शेकडो पटींनी बदलू शकते. आणि फुगायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दहापट, तर वेळ शंभरपट. औषधवाल्यांच्या दृष्टीने मला हा दुसरा, कमी गाजलेला निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो, कारण जाडीवरून जेल किती वेळात फुगेल हे ठरवता येते.

१९८८ मध्ये रोनाल्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी अमाइनयुक्त जेलमध्ये कॅफीन भरले. उदासीन द्रावणात ते कोंडलेले राहिले, आम्लात मात्र जवळपास स्थिर वेगाने बाहेर आले. म्हणजे तोंडात कडूपणा नाही आणि जठरात औषध मोकळे.

निकोलस पेप्पास यांच्या गटाने नेमकी उलटी वाट धरली. त्यांचे मेथॅक्रिलिक आम्लाचे जेल जठरात मिटलेले राहून इन्शुलिनला सांभाळते आणि आतड्यात उघडते. १९९९ मध्ये उंदरांमध्ये रक्तातील साखर त्याने उतरली. तरी आतड्याच्या भिंतीतून इन्शुलिनचा थोडाच अंश पलीकडे जातो, आणि ती अडचण कितीही फुगणाऱ्या जेलने सुटणारी नव्हती.